काळ्या तेलाचा गुण

नवे तेल घालून आठवडा लोटला नाही तोच डिझेल मोटारीचा मालक डिपस्टिक ओढून पाहतो आणि दचकतो. मधासारखे दिसणारे तेल काजळासारखे काळे झालेले असते. तेल भेसळीचे निघाले, अशी त्याची समजूत होते. मग तो ते बदलण्याची घाई करतो, नाही तर दुकानातून एखादी ‘शक्तिवर्धक’ द्रव्याची बाटली आणून त्यात ओततो. या दोहोंपैकी एकाचीही बहुधा गरज नसते. ज्या खुणेने सावध व्हावयास हवे ती निराळीच आहे, आणि तिच्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवेला इतके दाबतो की, त्या तप्त हवेत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. या ज्वलनात काजळी निर्माण होते व तिचे सूक्ष्म कण दट्ट्याच्या कड्यांजवळून तेलात उतरतात. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅटरपिलर कंपनीच्या डिझेल ट्रॅक्टरांत या घाणीमुळे कड्या आपल्या खाचांत चिकटून बसत. नुसत्या खनिज तेलाने हे दुखणे हटेना, तेव्हा तेलात मळ सोडविणारी द्रव्ये मिसळण्याची युक्ती निघाली आणि १९३५ च्या सुमारास तशी तेले विक्रीस आली. रिठ्याच्या पाण्यात मळके वस्त्र बुडविले की पाणी काळे होते. तो पाण्याचा दोष नव्हे. वस्त्राचा मळ त्याने आपल्याकडे घेतलेला असतो. तेलाचेही तसेच आहे.

उत्तम तेलातील पूरक द्रव्यांनी कामे जणू वाटून घेतलेली असतात. एक मळ सोडविते, दुसरे काजळीच्या कणांना एकत्र गोळा होऊ देत नाही, तिसरे ज्वलनातून येणाऱ्या आम्लांना निष्प्रभ करते. जस्त आणि फॉस्फरस यांचे संयुग धातूवर रक्षक पापुद्रा धरते. ही द्रव्ये काम करता करता खर्च होतात. म्हणून पातळी पूर्ण असली तरी पुस्तिकेत सांगितलेले अंतर किंवा महिने, यांपैकी जे आधी भरेल त्या वेळी तेल बदललेच पाहिजे. कमी झाले तेवढे वरून घालणे म्हणजे बदलणे नव्हे.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. डिझेलमधील गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आली आणि मोटारींच्या धुराच्या मार्गात काजळी अडविणारी गाळणी बसली. साठलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णतेत जाळून ही गाळणी स्वतःला साफ करते. परंतु तेलातील धातुयुक्त द्रव्यांची राख जळत नाही; ती आत साचतच जाते. यास्तव अशा इंजिनांना कमी राखेचे, पुस्तिकेत नेमून दिलेल्या दर्जाचेच तेल लागते. डब्यावरील ५डब्ल्यू-३० यांसारखे आकडे केवळ दाटपणा सांगतात, दर्जा सांगत नाहीत. वरून ओतलेल्या बाटलीने मूळचा तोल बिघडण्याचाच संभव अधिक. बेताने मीठ घातलेल्या आमटीत आणखी मूठभर मीठ टाकावे, तसा तो प्रकार होय.

आता त्या निराळ्या खुणेकडे वळू. गाळणी तापविण्यासाठी पुष्कळ मोटारींत सिलिंडरमध्ये थोडे इंधन उशिरा फवारले जाते. त्यातील काही अंश भिंतीवरून ओघळून तेलात मिसळतो. बेळगावात घर ते बाजार असा रोज दोन किलोमीटरचाच प्रवास करणाऱ्या मोटारीत हे साफ करण्याचे काम अर्ध्यावर तुटते आणि पुनःपुन्हा सुरू होते. दर खेपेस थोडे डिझेल तेलात उतरते आणि तेलाची पातळी उतरण्याऐवजी चढू लागते. ‘आमचे इंजिन तेल मुळीच खात नाही,’ म्हणून मालक संतुष्ट असतो. इकडे तेल पातळ होऊन बेअरिंगे झिजत असतात. पातळी अतिशय वाढली तर क्वचित इंजिन ते तेलच ओढून जाळू लागते आणि आवरेनासे होते.

तेव्हा दर पंधरवड्यास सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी, पातळी पाहावी. ती वरच्या खुणेपलीकडे गेली असेल, किंवा तेलाला डिझेलचा वास येत असेल, तर ठरलेल्या मुदतीची वाट न पाहता तेल बदलावे. आठवड्यातून एकदा मोटार मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास सलग चालवावी. गाळणीचा दिवा लागला असता वाटेत इंजिन बंद करू नये. चोर्ला घाट चढून आल्यावर लगेच थांबावयाचे झाल्यास इंजिन मिनिटभर संथ चालू ठेवावे. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या टर्बोला तेवढ्या वेळात तेलाचा गारवा मिळतो.

या गोष्टींना खर्च नाही, नियमितपणा मात्र हवा. तेल काळे झाले म्हणून घाबरू नये. ते वाढले म्हणून संतोष मानू नये. एवढे दोन बोल ध्यानी ठेवले तर इंजिन दीर्घकाळ साथ देईल.