झिजलेली वायर व घरची डागडुजी

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे मी शाळेत बत्तीस वर्षे मुलांना सांगत आलो. परंतु गेल्या मार्गशीर्षात माझ्याच घरात, माझ्याच हलगर्जीपणामुळे, मध्यरात्री विहीर खणण्याची वेळ आली. कारण फार मोठे नव्हते. करंगळीहून बारीक अशी लॅपटॉपच्या चार्जरची एक काळी वायर, एवढेच ते कारण. हल्ली ही वस्तू घरोघर आहे आणि घरोघर ती बहुधा एकाच ठिकाणी उकलते. म्हणून आपली फजिती चव्हाट्यावर मांडण्याचा संकोच सोडून हा लेख लिहावयास घेतला आहे.

आमचे कुटुंब अकरा माणसांचे. धाकट्या सूनबाई घरी बसून कचेरीचे काम करतात, थोरला नातू अभियांत्रिकीचा अभ्यास करतो, आणि मी स्वतः जुन्या पोथ्यांवरील टिपणे अलीकडे संगणकावर उतरवून ठेवतो. लॅपटॉप तीन, पण एकाच बनावटीचे. त्यामुळे चालू चार्जर एकच, आणि तो माजघरातून माडीवर, माडीवरून पडवीत असा दिवसभर हिंडत असतो. एके दिवशी सूनबाई म्हणाल्या, "बाबा, ह्याची वायर मानेशी उकलली आहे. नवा मागवू का?" मी म्हणालो, "एवढ्यासाठी नवा कशाला? आण इकडे." आणि वह्यांना कव्हरे घालण्याची पारदर्शक चिकटपट्टी चार वेढे देऊन त्या जागी गुंडाळून टाकली. आतल्या तांब्याच्या तारा दिसत होत्या, काही तुटल्याही होत्या. पण चार्जर चालू झाला, मला शाबासकी मिळाली आणि विषय संपला.

तीन आठवड्यांनी एका रात्री नातवाने लॅपटॉप चार्जिंगला लावला आणि वायर अंथरुणावर गोधडीच्या घडीत तशीच राहिली. दीडच्या सुमारास जळका वास प्रथम आमच्या सौभाग्यवतींना आला. धावत जाऊन बटण बंद केले. माझी चिकटपट्टी वितळून काळी पडली होती व गोधडीला रुपयाएवढे भोक पडले होते. त्या भोकापासून वीतभर अंतरावर अडीच वर्षांच्या नातीचा हात होता. घरात मला कोणी शब्दाने बोलले नाही. तेच अधिक लागले.

दुसऱ्या दिवशी तो चार्जर घेऊन मी पेठेतील एका कारागिराकडे गेलो. पूर्वी रेडिओ, मग दूरदर्शन संच आणि आता संगणक दुरुस्त करणारा हा गृहस्थ प्रथम मजवर थोडा रागावला आणि मग त्याने मला शिकविले. चार-पाच संध्याकाळी त्याच्या बाकावर बसून जे समजले, त्याचे सार पुढे देतो.

चार्जरचे तीन भाग असतात. भिंतीपासून ठोकळ्यापर्यंतची जाड वायर, मधला ठोकळा, आणि ठोकळ्यापासून लॅपटॉपपर्यंतची बारीक वायर. पहिल्या वायरीतून घरातील २३० व्होल्टची वीज वाहते. ठोकळा तिचे रूपांतर साधारणतः १९ किंवा २० व्होल्टच्या एकदिश प्रवाहात करतो. हा भेद प्रथम मनावर ठसला पाहिजे, कारण दुरुस्तीचे सर्व विधिनिषेध त्यावर अवलंबून आहेत. जाड वायर उकलली तर तिला पट्ट्या लावीत बसू नये. ती बहुधा ठोकळ्यातून सुटी निघते व तशीच नवी बाजारात मिळते, ती आणावी. ठोकळा तर कोणीही घरी उघडू नये. त्याच्या पोटात सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भरणारे संधारित्र असते आणि प्लग काढल्यानंतरही त्यात काही काळ वीज राहू शकते. घरच्या हाताला अधिकार आहे तो केवळ तिसऱ्या, बारीक वायरीपुरता; आणि तोही मर्यादित.

एकोणीस-वीस व्होल्टचा झटका माणसास सहसा जाणवत नाही, म्हणून ही बारीक वायर निरुपद्रवी आहे असे मीही समजत होतो. परंतु झटका न देणारी वीज जाळू शकते. आमच्या चार्जरवर १९.५ व्होल्ट व ३.३३ अँपिअर असे आकडे आहेत. त्यांचा गुणाकार ६५ वॉट होतो. आता वायरीतील बऱ्याच तारा तुटून उरलेल्यांचा स्पर्श कसाबसा होत असेल आणि त्या जागी केवळ एक ओहम रोध उत्पन्न झाला असेल, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या नियमाने त्या नखाएवढ्या जागेत सुमारे ११ वॉट उष्णता निर्माण होते. कारागिराची डाख देण्याची लहान इस्त्री २५ वॉटची असते. म्हणजे तिच्या जवळजवळ निम्मी आच मी चिकटपट्टीत गुंडाळून गोधडीखाली जाऊ दिली होती. आणि लॅपटॉप मात्र चालतच राहतो, म्हणून कोणास संशय येत नाही.

वायर नेमकी मानेशीच का उकलते, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. विहिरीचा दोर जसा रहाटावर घासणाऱ्या जागी विरतो, तशी वायर वाकणाऱ्या जागी विरते. ठोकळ्याचे टोक कडक आणि वायर मऊ. दोहोंच्या संधीवर सगळा वाक एकवटतो. मुले तांब्याची तार पुनःपुन्हा वाकवून तोडतात, ते आपण पाहिले आहे. तांबे प्रत्येक वाकाबरोबर कडक होत जाते व अखेर तुटते. दिवसातून दोन वेळा वायर ठोकळ्याभोवती करकचून गुंडाळली, तर वर्षात त्या एकाच जागेला ७३० वेळा पीळ बसतो. वरचे आवरण बहुधा पीव्हीसीचे असते. त्याला मऊपणा देणारे द्रव्य उष्णतेने व काळाने कमी होत गेले की तेही चिरते.

चिरलेले आवरण म्हणजे वायरीने दिलेली आगाऊ सूचना होय. ती मिळताच परीक्षा करावी. प्रथम प्लग भिंतीतून व पिन लॅपटॉपमधून काढावी, आणि उजेडात वायर हळूच वाकवून पाहावी. तीन अवस्था संभवतात.

पहिल्या अवस्थेत फक्त वरच्या आवरणाला चीर असते, आत तांबे दिसत नाही, आणि वायर हलविली तरी चार्जिंगचा दिवा लुकलुकत नाही. ही घरी बरी होण्यासारखी आहे. दुसऱ्या अवस्थेत तांब्याच्या तारा दिसतात, किंवा आवरण वरून चांगले असूनही वायर हलविली की चार्जिंग जाते-येते. अशा वेळी तारा आतून तुटलेल्या असतात. वरून कितीही पट्ट्या गुंडाळल्या तरी उपयोग नाही. चार्जर तत्काळ वापरातून काढून कारागिराकडे न्यावा. तिसऱ्या अवस्थेत जळका वास, काळा डाग, वितळलेली पिन, चिरलेला ठोकळा किंवा हात ठेववत नाही इतकी उष्णता आढळते. तेथे दुरुस्तीचा लोभ धरू नये. माझी वायर दुसऱ्या अवस्थेत होती आणि मी तिला पहिलीचे औषध दिले. साऱ्या अनर्थाचे मूळ ते.

आता पहिल्या अवस्थेची डागडुजी. चिरलेला भाग कोरड्या फडक्याने पुसून, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटने तेलकटपणा काढावा व पूर्ण वाळू द्यावा. मग स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉनची टेप घ्यावी. ही टेप इतर कशाला चिकटत नाही, पण ताणून गुंडाळली असता आपल्याच थरांशी एकजीव होते. चिरेच्या इंचभर अलीकडे आरंभ करावा, टेप ताणून तिची लांबी दुपटीच्या घरात न्यावी, प्रत्येक वेढा मागील वेढ्याच्या निम्म्या रुंदीवर चढवावा आणि चिरेच्या इंचभर पलीकडे थांबावे. पागोटे बांधताना एकावर एक पदर बसतो, तसा हा बसला पाहिजे. शेवटचा वेढा मात्र न ताणता ठेवावा व वायर एक दिवस वापरू नये. ही टेप न मिळाल्यास वीजकामाची पीव्हीसी टेप तात्पुरती चालते. पण उन्हाळ्यात तिचा गोंद पाझरतो आणि टोक सुटते, म्हणून ती कायमची समजू नये.

दुसरा उपाय तापविल्यावर आक्रसणाऱ्या नळीचा. तिला कारागीर हीट-श्रिंक म्हणतात. येथे एक अडचण ध्यानात घ्यावी: नळी पिनेवरून ओवावी लागते आणि पिनेचे डोके वायरीहून जाड असते. म्हणून निम्म्यापर्यंत आक्रसणारी नळी बहुधा सैल राहते. एक-तृतीयांशापर्यंत आक्रसणारी, आत गोंद असलेली नळी मागावी. ती आगपेटीच्या ज्योतीवर धरू नये, गरम हवेच्या यंत्रानेच तापवावी.

काय करू नये, तेही सांगितले पाहिजे. झटपट चिकटविणारा डिंक आवरणावर घातल्यास ती जागा कडक होते व पुन्हा चिरते. दोन कांड्या मळून लावावयाच्या लांबीने मान अगदी दगडासारखी होते खरी, परंतु वाक नाहीसा होत नाही. तो लांबी जेथे संपते तेथे सरकतो आणि वायर तेथे तुटते. बॉलपेनची स्प्रिंग मानेभोवती बसविण्याची युक्ती मुलांत लोकप्रिय आहे. आवरण अखंड असेल तर तिला हरकत नाही; पण चिरलेल्या जागी उघड्या तांब्यावर धातूची स्प्रिंग चढविणे म्हणजे शॉर्टसर्किटास आमंत्रण देणे होय.

दुसऱ्या अवस्थेत कारागीर काय करतो, हे ठाऊक असलेले बरे. या वायरीत मध्ये तांब्याच्या तारांचा जुडगा, त्यावर आवरण, त्याभोवती पुन्हा तारांचे वेष्टन आणि वर काळे आवरण, अशी रचना पुष्कळदा असते. काही चार्जरमध्ये केसासारखी आणखी एक तार असते. तिच्यावरून लॅपटॉप आपला चार्जर ओळखतो. खराब तुकडा कापून प्रत्येक तार वेगळी जोडून डाख द्यावा लागतो, प्रत्येकीला स्वतंत्र नळी घालावी लागते, आणि सांधे समोरासमोर न येता मागेपुढे यावे लागतात. नुसता पीळ देऊन जोडलेली वायर घरी परत आणू नये. ज्यांचे चार्जर टाइप-सी प्रकारचे आहेत व ज्यांची वायर दोन्ही टोकांनी सुटी होते, त्यांनी या खटपटीत न पडता वायरच बदलावी. मात्र ६० वॉटपेक्षा अधिक शक्तीच्या चार्जरला ५ अँपिअरची वायर मागून घ्यावी.

नवा चार्जर घ्यावा लागलाच तर जुन्यावरील आकडे कागदावर उतरवून न्यावेत. साध्या पिनेच्या चार्जरचे व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तितकेच किंवा अधिक चालतील, पिनेचे माप व ध्रुव जुळले पाहिजेत. भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह व त्याजवळ आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत. जुना चार्जर कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. तो अधिकृत संकलन केंद्रावर द्यावा.

परंतु सर्वांत स्वस्त डागडुजी म्हणजे ती करावी न लागणे. वायर ठोकळ्याभोवती आवळू नये. मानेशी एक सैल वळसा सोडून उरलेली वायर वीतभर व्यासाच्या वेटोळ्यात गुंडाळावी व जुन्या कापडाच्या पट्टीने हलकेच बांधावी. पिन काढताना पिनेलाच धरावे, वायर ओढू नये. ठोकळा टेबलावरून लोंबकळत ठेवू नये, दाराच्या फटीत वायर चेंगरू देऊ नये. जुन्या वाड्यांत उंदरांचा उपद्रव असतो. रात्री चार्जर फडताळात ठेवावा. आणि अंथरुणावर तो कधीही नसावा.

एकत्र कुटुंबात एक दोष हटकून आढळतो: जी वस्तू सर्वांची, तिची विचारपूस कोणाचीच नसते. आमच्या अकरा माणसांनी ती चीर पाहिली होती, हे मागाहून कळले; प्रत्येकास वाटले की दुसरा कोणी पाहील. आता दर शनिवारी रात्री नातू घरातल्या सगळ्या वायरी उजेडात वाकवून पाहतो आणि मजकडे आणून दाखवितो. तांबे दिसले की आम्ही दोघेही वाद न घालता चार्जर बाजूस ठेवतो.

गोधडीच्या त्या भोकावर सौभाग्यवतींनी लाल खणाचे ठिगळ लावले आहे. ती पांघरूण म्हणून अजून वापरात आहे, आणि नात ती घेऊनच निजते.