बेसबॉल : मोठी पिछाडी आणि विजेत्याची मर्यादा

सामना संपला असें केव्हां म्हणावयाचें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. फुटबॉलमध्यें त्याचा निवाडा घड्याळ करतें. पांच गोलांची आघाडी मिळालेला संघ उरलेलीं दहा मिनिटें चेंडू इकडून तिकडे खेळवून सहज काढूं शकतो. क्रिकेटमध्यें धांवा पुरेशा झाल्या असें वाटलें कीं कप्तान आपला डाव संपल्याचें जाहीर करतो. अमेरिकेच्या बेसबॉल खेळांत या दोन्ही सोयी नाहींत. तेथें प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात आणि तीन गडी बाद झाल्यावांचून डाव संपत नाहीं. २०२३ पासून दोन चेंडूंमधील वेळेवर बंधन आलें आहे. सबंध सामन्यावर मात्र काळाचें बंधन नाहीं. आघाडी दहा धांवांची असो वा वीस धांवांची, प्रतिपक्षाचे सत्तावीस गडी बाद केल्याशिवाय विजय पदरांत पडत नाहीं. आणि स्वतःचे तीन गडी बाद होईपर्यंत फलंदाजीहि थांबवितां येत नाहीं. या खेळांतील सर्वांत रोमहर्षक विजय आणि सर्वांत कडवट भांडणें या एकाच व्यवस्थेंतून जन्मास येतात.

५ ऑगस्ट २००१ रोजीं क्लीव्हलंड शहरांत झालेला सामना पाहावा. पाहुणा सिअ‍ॅटल संघ त्या वर्षीं इतका जबर होता कीं, मोसमाअखेर ११६ सामने जिंकून त्यानें १९०६ सालच्या शिकागो कब्ज संघाच्या विक्रमाशीं बरोबरी केली. तीन डावांतच त्याच्या १२ धांवा झाल्या, तेव्हां यजमानांची पाटी कोरी होती. सहा डाव पुरे झाले तेव्हां फलकावर १४-२ असे आंकडे होते. क्लीव्हलंडचे व्यवस्थापक चार्ली मॅन्युएल यांनीं आपल्या कांहीं नामांकित खेळाडूंना विश्रांति देऊन राखीव गडी उतरविले. पराभव जणूं पत्करलाच गेला होता. पण सातव्या डावांत क्लीव्हलंडनें ३ धांवा काढल्या, आठव्यांत ४ काढल्या. नवव्या डावांत दोन गडी बाद झाले तेव्हांहि पांच धांवा कमीच होत्या. सिअ‍ॅटलला आतां केवळ एक गडी हवा होता, तो मिळेना. अखेर तिन्ही तळांवर गडी उभे असतां ओमार विझ्केल यानें मारलेल्या फटक्यावर तिघेहि घरीं पोंचले आणि १४-१४ अशी बरोबरी झाली. अकराव्या डावांत आणखी एक धांव काढून क्लीव्हलंडनें सामना जिंकला.

बारा धांवांची पिछाडी भरून काढणें हा अमेरिकेच्या प्रमुख लीगमधील विक्रम असून त्याचे मानकरी तीन आहेत. १९११ च्या जूनमध्यें डेट्रॉइट संघानें शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध १-१३ अशा अवस्थेंतून १६-१५ असा विजय मिळविला. १९२५ च्या जूनमध्यें फिलाडेल्फियाच्या संघानें एकट्या आठव्या डावांत १३ धांवा काढून सामना १७-१५ असा जिंकला. त्या दिवशीं हरलेला संघ क्लीव्हलंडचाच होता; जो चमत्कार त्यानें २००१ मध्यें करून दाखविला, तो ७६ वर्षांपूर्वीं त्याला सोसावा लागला होता. शतकाहून अधिक काळांत असे तीनच सामने, म्हणजे मोठी आघाडी बहुधा निर्णायकच ठरते. पण ‘बहुधा’ म्हणजे ‘नेहमीं’ नव्हे, आणि वादाचें मूळ नेमकें येथेंच आहे.

कारण या खेळांत कोठेंहि न छापलेलें, पण प्रत्येक खेळाडूला ठाऊक असलेलें एक शिष्टाचाराचें शास्त्र आहे. आघाडी फार मोठी झाली कीं आघाडीवरील संघानें तळ चोरूं नये, म्हणजे पिचर चेंडू फेकण्याच्या बेतांत असतां पुढच्या तळाकडे धूम ठोकूं नये. चेंडू बॅटीनें हलकेंच टेकवून फसवी धांव काढूं नये. आणि पिचरचे तीन चेंडू वाया गेले असतील तर पुढच्या चेंडूवर बॅट फिरवूं नये. चौथाहि वाया गेल्यास फलंदाजाला पहिला तळ फुकट मिळतो. म्हणून पिचर तो चेंडू बहुधा सरळ, टप्प्यांत टाकतो. हतबल झालेल्या प्रतिपक्षाच्या अशा चेंडूवर हात मारून घेणें म्हणजे पडलेल्याला लाथ मारणें, असें जुने लोक मानतात. जेथें डाव जाहीरपणें सोडतां येत नाहीं, तेथें तो मनोमन सोडावा, असें हें शास्त्र सांगतें. मात्र ‘फार मोठी’ आघाडी म्हणजे किती, याविषयीं तें मुग्ध आहे.

१७ ऑगस्ट २०२० रोजीं या मौनानेंच घोटाळा केला. सॅन डिएगो संघ टेक्ससविरुद्ध १०-३ असा पुढें होता. आठव्या डावांत, तिन्ही तळ भरलेले आणि तीन चेंडू वाया गेलेले असतां, २१ वर्षांच्या फर्नांडो टाटिस यानें चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावून चार धांवा मिळविल्या. टेक्ससच्या नव्या पिचरनें पुढील फलंदाजाच्या पाठीमागून चेंडू फेकून राग व्यक्त केला. लीगनें त्या पिचरला तीन सामन्यांची व त्याच्या व्यवस्थापकाला एका सामन्याची बंदी घातली. आणि विशेष हें कीं, क्षमा मागितली ती टाटिसनें! सात धांवांची आघाडी तोडण्यासारखी असते, हें प्रत्येक पिचर जाणतो. शिवाय खेळाडूचें वेतन त्याच्या कामगिरीच्या आंकड्यांवर ठरतें. त्यानें हातचा फटका सोडावा, ही अपेक्षा त्याच्या पोटाला चिमटा घेणारी आहे.

सूड घेण्याची ही रीत तर शिष्टाचार या नांवास मुळींच पात्र नाहीं. बरोबर शंभर वर्षांपूर्वीं, १७ ऑगस्ट १९२० रोजीं, क्लीव्हलंडचा रे चॅपमन मरण पावला. आदल्या दिवशीं न्यूयॉर्कमध्यें पिचरचा चेंडू त्याच्या डोक्याला लागला होता. तेथें सूडाचा संबंध नव्हता. पण फेकलेला चेंडू काय करूं शकतो, हें त्या दिवसापासून या खेळांत कोणाला सांगावें लागलेलें नाहीं.

दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. १७ मे २०२१ रोजीं शिकागो व्हाइट सॉक्स संघ मिनेसोटाविरुद्ध १५-४ असा पुढें असतां मिनेसोटानें खरा पिचर न वापरतां एका साध्या खेळाडूला चेंडू फेकण्यास उभें केलें. त्याच्या अगदीं मंद चेंडूवर येर्मिन मर्सेडीस यानें होमरन मारला. त्याचेच व्यवस्थापक टोनी ला रुसा यांनीं त्याला जाहीरपणें दोष दिला. येथें त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. टेक्ससचा पिचर झुंजत होता; मिनेसोटानें झुंज सोडल्याचें स्वतःच दाखविलें होतें. शस्त्र खालीं ठेवणाऱ्यावर वार न करणें हा शिष्टाचार खरा. पण शस्त्र हातीं धरून सवलत मागणें हा शिष्टाचार नव्हे. २०२३ पासून नियमांनींहि हा फरक ओळखला आहे : पिछाडी निदान आठ धांवांची असेल, तरच हरणाऱ्या संघाला नवव्या डावापर्यंत असा बिनपिचर खेळाडू वापरतां येतो.

डाव सोडण्याची सोय असली म्हणजे तंटा मिटतोच असेंहि नाहीं. डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास रणजी सामन्यांत महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमन यांच्या ४५२ या तत्कालीन विश्वविक्रमाला नऊ धांवा कमी होत्या. काठेवाडच्या कप्तानानें पुढें खेळण्याचें नाकारून सामनाच सोडला, आणि विक्रम तेथेंच अडला. मार खाणाऱ्याचा मान आणि मारणाऱ्याचा हक्क यांचा मेळ कोणत्याच नियमाला पुरतेपणीं घालतां आलेला नाहीं.

म्हणून निवाडा धांवफलकावर नव्हे, प्रतिपक्षाच्या वागण्यावर करावा. तो लढत असेल तर त्याच्याशीं पूर्ण ताकदीनें लढणें हाच त्याचा मान. तो थांबला असेल तर आपणहि थांबावें. सिअ‍ॅटलनें त्या दिवशीं पांचव्या डावानंतर एकहि धांव काढली नाहीं. उरलेल्या चार डावांत केवळ एक धांव निघाली असती, तर सामना तेथेंच, नवव्या डावांत, त्यांच्या पदरांत पडला असता.