पायपेटी ते पाइप ऑर्गन

पनवेलच्या फडके नाट्यगृहात संगीत नाटक पाहणाऱ्याला 'ऑर्गन' हा शब्द नवा नाही. आपला हा ऑर्गन म्हणजे पायपेटीच. पायाने भाता हलवायचा की आतल्या धातूच्या पट्ट्या थरथरतात आणि सूर उमटतो.

पाइप ऑर्गनमध्ये मात्र पट्टी दाबली की हवा थेट नळीत शिरते. बहुतेक नळ्या बासरीसारख्याच वाजतात. फरक इतकाच, की बासरीची भोकं बोटांनी झाकून सूर बदलता येतो, तर इथे प्रत्येक सुराला वेगळी नळी लागते. 8 फुटांची उघडी नळी सेकंदाला सुमारे 65 कंपनं देते. लांबी दुप्पट केली की सूर एक सप्तक खाली उतरतो. 32 फुटी नळीचा सूर तर कानाला कमी आणि छातीला जास्त जाणवतो.

इटालियन संगीतकार ओत्तोरिनो रेस्पिगीने 'पाइन्स ऑफ रोम' (1924) या वाद्यवृंद-रचनेत हाच खर्ज वापरला आहे. शेवटच्या भागात पहाटेच्या धुक्यातून रोमन सैन्य चालत येतं. ढोल आणि तुताऱ्या चढत जातात आणि ऑर्गन खालून जमीन धरून ठेवतो. तंबोऱ्याच्या खर्जाची सवय असलेल्या कानांना ते लगेच उमगेल.

असं वाद्य इमारतीतच बसवलेलं असतं, ते उचलून गावोगाव नेता येत नाही. म्हणून ज्या सभागृहात ते नसतं, तिथे इलेक्ट्रॉनिक ऑर्गनवर भागवतात. पनवेलहून लोकलने सीएसएमटी गाठलं, तर तिथून जवळच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये खरा पाइप ऑर्गन पाहायला मिळतो.