मोल कळण्याआधीची जपणूक

अर्थशास्त्राच्या पहिल्याच पाठात आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो की, वस्तूचे मोल बाजार ठरवतो. त्यासाठी बाजाराला किती अवधी द्यावा, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. ज्याँ रन्वार यांच्या ‘ला रेग्ल द्यु ज्यू’, म्हणजे ‘खेळाचे नियम’, या फ्रेंच चित्रपटाची कहाणी या दृष्टीने उद्बोधक आहे.

७ जुलै १९३९ रोजी तो पॅरिसमध्ये प्रदर्शित झाला. युद्धाच्या उंबरठ्यावरील उच्चभ्रू समाजाचे पोकळपण दाखवणाऱ्या या चित्रपटाची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. रन्वार यांनी नाइलाजाने त्याला कात्री लावली, व्यर्थ! त्याच वर्षी मनोधैर्य खचवणारा म्हणून सरकारने त्यावर बंदी घातली. १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात मूळ निगेटिव्हही नष्ट झाली.

पुढे ज्याँ गाबोरी व झाक द्युराँ या चित्रपटप्रेमींनी विखुरलेल्या प्रिंट आणि ध्वनिफितींचे तुकडे गोळा केले, रन्वार यांच्या सल्ल्याने ते सांधले आणि १९५९ साली १०६ मिनिटांची प्रत व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली. ‘साइट अँड साउंड’च्या १९७२ व १९८२ च्या समीक्षक-कौलांत हाच चित्रपट दुसऱ्या क्रमांकावर होता. २००४ साली अमेरिकेत त्याची डीव्हीडी निघाली आणि २०२१ साली फोर-के पद्धतीने त्याचे पुन्हा संस्करण झाले.

यावर कोणी म्हणेल, अखेर बाजारानेच न्याय केला ना? संस्करणाचा खर्च एकदाच होतो, पुढची प्रत्येक प्रत जवळजवळ फुकट पडते. तेव्हा हे काम व्हिडिओ कंपन्यांवर सोपवावे. हा युक्तिवाद अपुरा आहे. कंपनी येते ती कीर्ती झाल्यानंतर. कीर्ती होण्यापूर्वी ज्या फिती निव्वळ अडगळ होत्या, त्या कोणीतरी फेकून दिल्या नाहीत, म्हणून तर विकायला काही उरले.

मग सारा भार सरकारवर टाकावा काय? १९३९ साली बाजार चुकला, तसे सरकारही चुकले. म्हणून जपणुकीला सार्वजनिक पैसा हवा, पण काय जपावे याचा निर्णय सत्तेच्या मर्जीवर नसावा. आणि प्रती एकाच कोठारात न ठेवता अनेक ठिकाणी असाव्यात. संग्रहालयात पडून राहिलेल्या नावडत्या फितीवरील खर्च हिशेबनीसाला उधळपट्टी वाटेल. पण कोणती फीत उद्या अनमोल ठरेल, हे आजच्या खतावणीत लिहिलेले नसते.