इंदूरच्या गोठ्यातील रसायनज्ञ

सेंद्रिय शेतीच्या इतिहासाकडे मी वळलो तो सर अल्बर्ट हॉवर्ड यांच्या नावाच्या ओढीने. परंतु ज्या ग्रंथामुळे कंपोस्ट खताची ‘इंदूर पद्धत’ देशोदेशी गेली, त्या १९३१ सालच्या ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’च्या शीर्षकपृष्ठावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत डी. वाड, एम्. एस्सी., रसायन विभागाचे मुख्य साहाय्यक, असे दुसरे नाव छापलेले आढळले, आणि तेव्हापासून माझे कुतूहल त्या दुसऱ्या नावापाशीच अडकून राहिले आहे.

हॉवर्ड यांची हकीकत वाचकांना ठाऊक आहेच: १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत नेमणूक, १९२४ मध्ये होळकर दरबारच्या जमिनीवर इंदूरची कृषिसंशोधन संस्था, १९३१ मध्ये निवृत्ती. त्यातील एकच प्रसंग येथे थांबून पाहण्याजोगा आहे. पुशाला त्यांनी बैलांच्या सहा जोड्या मागून घेतल्या आणि कसदार जमिनीत पिकलेला हिरवा चारा, मुरघास व धान्य यांवर त्या पोसल्या. शेजारच्या सरकारी गोठ्यात लाळ्या-खुरकुताची साथ आली असता, मधल्या बुटक्या कुंपणावरून आजारी जनावरांच्या नाकाला नाक घासूनही त्यांच्या बैलांना काही झाले नाही, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. तुलनेसाठी मुद्दाम ठेवलेला दुसरा कळप नसल्यामुळे याला प्रयोग म्हणता येणार नाही, आणि एवढ्यावरून त्या रोगाची लस निरुपयोगी ठरवणे तर सर्वस्वी चुकीचे होईल. पण जनावराचे आरोग्य गव्हाणीत आणि गव्हाणीचा कस जमिनीत शोधावा, ही जी दृष्टी त्या निरीक्षणातून हॉवर्ड यांना लाभली, तिचेच फळ पुढे इंदुरास पदरी पडले.

जमिनीचा कस राखणारे शेण चुलीत जाते, ही तक्रार तोवर जुनी झाली होती. डॉ. फोल्कर यांनी भारतीय शेतीविषयीच्या १८९३ च्या अहवालात, रयत शेण जाळते ती अज्ञानाने नव्हे, सरपणाच्या टंचाईने, असे न्यायबुद्धीने नमूद केले होते. मूत्राची मात्र कोणी फारशी फिकीर केली नव्हती. वस्तुतः जनावराच्या उत्सर्गातील नत्राचा मोठा वाटा आणि पालाशाचा बहुतांश मूत्रातच असतो. म्हणून इंदूरच्या गोठ्यात फरशी घातली नाही. बैलांच्या पायांखाली मातीचीच जमीन ठेवली, वर पालापाचोळा अंथरला, आणि दर तीनचार महिन्यांनी मूत्राने भिजलेला मातीचा थर खणून काढून, ढेकळे बारीक करून, जागी ताजी माती भरण्याचा शिरस्ता पाडला. पऱ्हाट्या आणि तुराट्यांसारखे कठीण काष्ठ कुजेना, तेव्हा ते शेतातील रस्त्यांवर पसरण्यात आले, आणि गाड्यांच्या चाकांनी व बैलांच्या खुरांनी त्याचा भुगा झाला. हा भुगा, गोठ्यातले अंथरूण, मूतमाती, राख आणि शेणकाला यांचे थर ३० फूट लांब, १४ फूट रुंद व २ फूट खोल अशा खड्ड्यांत रचीत. पंधरवड्याने, महिन्याने व दोन महिन्यांनी ते उलथीत, आणि ९० दिवसांत खत तयार होई. बैलजोडीमागे वर्षाला सुमारे ५० गाड्या खत निघे.

आता यात वाड कोठे येतात? हॉवर्ड वनस्पतिशास्त्रज्ञ होते. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण किती असावे, आम्लता वाढू नये म्हणून राख का हवी, आरंभी बुरशी आणि मागून सूक्ष्मजंतू आपापले काम कसे करतात, आणि खड्ड्यात घातलेले नत्र शेवटी घटते की वाढते, हा सारा जमाखर्च रसायनशाळेतला आहे. त्याच्यावाचून इंदूर पद्धत म्हणजे नीट लावलेला उकिरडा ठरली असती. कापूससंशोधकांकडून ग्रंथाचे स्वागत प्रतिकूलच झाले, असे हॉवर्ड सांगतात. चहा-कॉफीच्या मळेवाल्यांनी मात्र ती पद्धत उचलली. हॉवर्ड विलायतेस परतल्यावरही वाड यांचे काम थांबले नाही. १९३४ च्या फेब्रुवारीत ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये जॅक्सन आणि वाड यांचा जोडलेख आला, तो मानवी वस्तीतील मैला व केरकचरा याच रीतीने निर्धोक खतात कसा रूपांतरित करावा यासंबंधीचा. माझ्या मते वाड यांच्या कामगिरीतला हा सर्वांत मोलाचा भाग होय. कारण गोठ्यात सिद्ध झालेले शास्त्र त्यामुळे म्युनिसिपालिटीच्या आरोग्यखात्याच्या दारी जाऊन उभे राहिले. पुढच्याच वर्षी गांधीजींनी इंदूरची ही संस्था पाहिली, आणि ‘हरिजन’मधून या खताची माहिती खेड्यापाड्यांत पोचवली.

१९३४ सालीच हॉवर्ड यांना ‘सर’ हा किताब मिळाला. तो त्यांच्या योग्यतेचाच होता. परंतु पुढे इंदूर पद्धतीचा उल्लेख त्यांच्या एकट्याच्या नावे होऊ लागला आणि वाड केवळ संदर्भसूचीत उरले, हा अन्याय आहे, आणि तो दूर करणे मुळीच कठीण नाही. कृषिविद्यापीठांनी आणि शेतीची पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी पुढील आवृत्तीत, मूळ ग्रंथावर आहेत तशी, हॉवर्ड आणि वाड ही दोन्ही नावे छापावीत, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.