जुन्या गाडीचे इंजिन ऑइल का खाते?

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी विश्वस्तांची आज्ञा झाली, तेव्हा एखादा गौरवपर लेख लिहिण्यापेक्षा संस्थेच्या कामातूनच आम्हांस जे शिकावयास मिळाले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. आम्ही पेशाने शिक्षक, मिस्त्री नव्हे. परंतु वर्गात विज्ञान शिकविणाऱ्यास एक खोड जडलेली असते: रोग ओळखल्यावाचून औषध देऊ नये. या खोडीमुळे संस्थेचे थोडे द्रव्य वाचले, त्याची ही हकीकत.

आपल्या संस्थेची जुनी मारुती ओम्नी गाडी बहुतेकांच्या परिचयाची आहे. तिगाव व आसपासच्या खेड्यांतील आजारी माणसांस पांढुर्ण्यास आणि प्रसंगी शंभरेक किलोमीटर दूर नागपुरास पोचविणे हे तिचे काम. काही काळापूर्वी ती ऑइल फार खाऊ लागली. चालकचाचा आसनाखाली ऑइलचा डबा बाळगूनच निघत. एका गॅरेजात दाखविले, तेव्हा तेथील मिस्त्रींनी इंजिन पाहण्यापूर्वीच निकाल दिला : "गुरुजी, इंजिन गेलं. आता खोलाच लागते. बोअरिंग, पिस्टन, रिंगा, सारं नवं टाका." खर्चाचा आकडा ऐकून बैठक गप्प झाली. तेवढी रक्कम उभी करावयाची तर त्या वर्षीच्या विद्यार्थी-साहाय्यास हात लावावा लागणार होता. आम्ही विश्वस्तांजवळ एका महिन्याची मुदत मागितली.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. थोडे ऑइल प्रत्येक इंजिन खाते. पिस्टन वरखाली होताना सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर राहतो. तो नसेल तर धातूवर धातू घासून इंजिन काही मिनिटांत जाम होईल. या थराचा किंचित अंश पेट्रोलबरोबर जळतोच. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. तीन सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर मिनिटाला ४,५०० स्फोट होतात. ताशी ५० किलोमीटर वेगाने १,००० किलोमीटर जाण्यास २० तास लागतात, म्हणजे ५४ लाख स्फोट. एवढ्या प्रवासात एक लिटर ऑइल जळाले, तरी प्रत्येक स्फोटामागे एक घनमिलिमीटरचा जेमतेम पाचवा हिस्सा पडतो. मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी कमी! म्हणून "खाते का?" हा प्रश्नच नव्हे, "किती खाते, आणि कोठून जाते?" हा खरा प्रश्न. नव्या, सुस्थितीतील इंजिनास दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये वरून ऑइल घालण्याची गरज बहुधा पडत नाही. जुन्या इंजिनाने हजार किलोमीटरला पाव-अर्धा लिटर खाल्ले तर फार बाऊ करू नये. लिटरच्या पुढे गेले, किंवा खाणे एकाएकी वाढले, तर मात्र शोध घ्यावा.

ऑइल इंजिनातून जाण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. ते बाहेर गळते. पिस्टनच्या रिंगांवरून वर चढून जळते. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या सीलमधून खाली झिरपून जळते. अथवा ब्रीदरच्या नळीतून हवेबरोबर आत ओढले जाते. क्वचित हेड गॅस्केट फुटून ते रेडिएटरच्या पाण्यात मिसळते. तेव्हा पाण्यावर तेलकट तवंग दिसतो. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोचे सील ही आणखी एक वाट. एवढ्या वाटा एकामागून एक तपासावयाच्या. जी फुकट तपासता येते ती आधी आणि जिला इंजिन उघडावे लागते ती सर्वांत शेवटी, हा क्रम मोडू नये.

पहिली पायरी मोजमापाची. आम्ही शाळेतील एक कोरी वही गाडीत ठेवली. सपाट जागा पाहून, सकाळी इंजिन थंड असताना डिपस्टिक काढावी, फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून काढावी व पातळी पाहावी. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरून किलोमीटरचा आकडा टिपावा. पुढे जेव्हा जेव्हा ऑइल घालाल, तेव्हा मापाने घालून लिहून ठेवावे. येथेच आमच्या ध्यानात एक मौज आली. चालकचाचा गाडीवरील मायेने ऑइल वरच्या खुणेच्याही वर भरीत असत. भरपूर भरल्याने इंजिनाचे भले होते ही समजूत चुकीची आहे. अति भरलेल्या ऑइलमध्ये क्रँकशाफ्ट बुडून त्याचा फेस करतो आणि ते ऑइल ब्रीदरमधून उडून जाते. खालच्या व वरच्या खुणेच्या मध्ये पातळी असली की पुरे. वही नीट ठेवल्यावर आकडा निघाला : ६०० किलोमीटरला ७०० मिलिलिटर. म्हणजे हजाराला सुमारे सव्वा लिटर. तक्रार खरी होती.

दुसरी पायरी गळतीची. गाडी रात्री उभी करून खाली जुने वर्तमानपत्र अंथरावे. सकाळी डाग कोठे पडला ते पाहावे. टॅपेट कव्हरचे गॅस्केट, चेंबरचे गॅस्केट व नट, ऑइल फिल्टरचा सांधा, ऑइल प्रेशरचा स्विच आणि क्रँकशाफ्टची पुढची-मागची सीले ही गळतीची नेहमीची ठिकाणे होत. इंजिन मळकट असेल तर आधी धुऊन कोरडे करावे व संशयित जागी टाल्कम पावडर भुरभुरावी. गाडी थोडी फिरवून आणली की ओला माग पांढऱ्या पावडरीवर स्पष्ट उमटतो. आमच्या कागदावर दोन ठिपके पडले, अधिक नाही. दोन ठिपक्यांनी सव्वा लिटर होत नाही.

तिसरी पायरी ब्रीदरची. रिंगांवरून थोडा वायू खाली चेंबरात उतरतच असतो. तो बाहेर पडावा म्हणून ही नळी व तिचा व्हॉल्व्ह असतो. ती कोंदली तर आतला दाब वाढून ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर येते. एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल साचले आहे का, हेही पाहावे. नळी साफ करण्यास रुपया लागत नाही. पण कित्येक इंजिने याच कारणाने विनाकारण उघडली गेली असतील. आमची नळी स्वच्छ निघाली.

चौथी पायरी धुराची, आणि येथे आपल्या भूगोलाने आम्हांस मोठे साहाय्य केले. काळा धूर म्हणजे पेट्रोल जादा; पांढरी दाट वाफ सतत येत राहिली तर पाणी आत जाते; निळसर धूर म्हणजे ऑइल जळते. परंतु रंगापेक्षा धूर केव्हा येतो, यास अधिक महत्त्व आहे. मुलताईकडे जाणारा रस्ता घाट चढून सातपुड्याच्या पठारावर जातो; बैतूलकडून येणाऱ्या रेल्वेगाड्याही चिचोंडा ते तिगाव या टप्प्यात घाट उतरूनच खाली येतात. अशा चढउतारावर इंजिनाची परीक्षा आपोआप होते. चढावर इंजिनास जोर लावावा लागतो. रिंगा झिजल्या असतील तर तेव्हा निळा धूर सतत निघतो. उतारावर आपण एक्सिलरेटरवरचा पाय काढतो, थ्रॉटल मिटते, पिस्टन मात्र हवा ओढीतच राहतात. त्यामुळे इनटेकच्या नळांत जोराचा निर्वात निर्माण होतो. हा निर्वात व्हॉल्व्हच्या दांड्यालगतच्या कडक झालेल्या सीलमधून ऑइल खेचून घेतो, आणि उतार संपल्यावर पाय दाबताच निळा लोट एकदम बाहेर पडतो. रात्रभर उभ्या गाडीत याच वाटेने ऑइल थेंबथेंब खाली उतरते व सकाळी पहिल्या स्टार्टला तोच लोट दिसतो. आम्ही मागून दुचाकीवर एका माजी विद्यार्थ्यास ठेवले. चढावर त्यास काही दिसले नाही. उतार संपताच त्याने हात वर केला.

पाचवी पायरी प्लगांची. प्लग काढून क्रमाने मांडावे. कोरडी काजळी पेट्रोलची; ओला, तेलकट काळा थर ऑइलचा. एकच प्लग ओला असेल तर दोष त्याच सिलिंडरात. आमचा मधला प्लग ओला होता, बाकीचे दोन बरेच स्वच्छ.

सहावी व निर्णायक पायरी कम्प्रेशनची. हिच्यासाठी चांगला मिस्त्री व गेज हवे. इंजिन गरम असताना सर्व प्लग काढावे, इग्निशन व पेट्रोल बंद करावे, एक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टरने पाचसहा फेरे द्यावे व प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहावा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून तीच परीक्षा पुन्हा करावी. कमी आलेला आकडा ऑइलने चांगला वाढला, तर रिंगा झिजल्या आहेत. कारण ऑइलने त्यांची फट तात्पुरती बुजविली. तो न वाढला, तर व्हॉल्व्हची बैठक अथवा गॅस्केट पाहावे. मात्र लक्षात ठेवावे, की व्हॉल्व्हची केवळ सीले गेली असतील तर कम्प्रेशन मुळीच कमी होत नाही. आमच्या तिन्ही सिलिंडरांचे आकडे जवळजवळ सारखे, पुस्तिकेतील मर्यादेच्या आत निघाले आणि चमचाभर ऑइलने विशेष हलले नाहीत. रिंगा निर्दोष होत्या. धूर, प्लग आणि गेज या तिघांची साक्ष एकच पडली.

दुसऱ्या एका मिस्त्रींनी व्हॉल्व्हची सहाही सीले बदलली. हेड न काढताही हे काम होते : प्लगच्या भोकातून दोरी आत सोडून पिस्टन वर आणावा, म्हणजे व्हॉल्व्ह खाली पडत नाही. जुनी सीले रबराची असूनही नखाने दाबली तर काचेसारखी तुटत होती. मिस्त्रींनी व्हॉल्व्ह बाजूला हलवून पाहिला; गाइड झिजले असते तर नवी सीलेही फार दिवस टिकली नसती. खर्च पहिल्या अंदाजाच्या लहानशा अंशाएवढा आला. पुढील हजार किलोमीटरांत वहीत १५० मिलिलिटरची नोंद झाली. विद्यार्थ्यांचे साहाय्य त्या वर्षी नेहमीप्रमाणे वाटले गेले.

प्रत्येक वेळी निदान असे स्वस्त निघेलच असे नाही. मुंबईत कुर्ल्यास तयार झालेली आणि टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावलेली प्रीमियर पद्मिनी असो की आपली ओम्नी, लाखो किलोमीटर चाललेल्या इंजिनाच्या रिंगा कधीतरी झिजणारच. तेव्हा बोअरिंगचा खर्च आनंदाने करावा. पण तो गेजचा आकडा पाहून करावा, मिस्त्रींच्या आवाजातील खात्री पाहून करू नये. वाचकांस आणखी दोन सूचना. ऑइल वेळेवर बदलावे. जळके ऑइल रिंगांच्या खाचांत कोळसा करून त्या चिकटवून टाकते. आणि डॅशबोर्डवरील तांबडा दिवा ऑइलचा दाब दाखवितो, प्रमाण नव्हे. तो लागेपर्यंत वाट पाहणे म्हणजे विहीर आटल्यावर पोहरा सोडणे. दर आठवड्यास डिपस्टिक पाहणे हाच खरा उपाय.

ती वही अद्याप गाडीतच आहे. चालकचाचा आता दर शुक्रवारी तीत स्वतः नोंद करतात, आणि ऑइल वरच्या खुणेच्या वर एक थेंबही जाऊ देत नाहीत. ज्या घरी रात्री-अपरात्री या गाडीची वाट पाहिली जाते, त्या घरांच्या वतीने आम्ही एवढेच म्हणतो, की ती वही अशीच भरत राहो.