‘वर’ माग, पण अटी वाचून!

गुलाबी केस, झालरीचा फ्रॉक आणि सोबत एक गोंडस पांढरं पिल्लू. ‘पुएला मॅगी मादोका मॅजिका’चं पोस्टर बघून ‘छे, हे तर लहान मुलींचं कार्टून’ म्हणत तुम्ही पुढे स्क्रोल कराल. तसं करू नका. एकूण १२ एपिसोड, प्रत्येक साधारण २४ मिनिटांचा. म्हणजे एका रविवारचं काम. पण नंतरचा सोमवार जरा जड जातो, हे आधीच सांगून ठेवते.

जपानी टीव्हीवर जादूवाल्या मुलींची परंपरा १९६६ च्या ‘साली द विच’पासूनची. १९९२ मध्ये ‘सेलर मून’ आली आणि या मुली टीम करून लढायला लागल्या. मग साचाच ठरून गेला. साध्या मुलीला शक्ती मिळते, ती रूप बदलते आणि मैत्रिणींच्या साथीने जग वाचवते. २०११ मध्ये दिग्दर्शक आकियुकी शिनबो आणि लेखक गेन उरोबुची यांनी हाच साचा उचलला आणि एक साधा प्रश्न विचारला. ही शक्ती देणारा ती का देतोय?

मादोका आणि तिची मैत्रीण सायाका शाळकरी मुली. त्यांना क्युबे नावाचा प्राणी भेटतो. त्याची ऑफर एकदम सरळ आहे. कुठलीही एक इच्छा सांगा, पूर्ण होईल. बदल्यात ‘मॅजिकल गर्ल’ होऊन चेटकिणींशी लढायचं. आपल्या गोष्टींत निदान तपश्चर्या केल्यावर देव प्रसन्न होतो. इथे देणाराच मागे लागलाय. शंका यायला हवी ना?

(इथून पुढे थोडे स्पॉयलर आहेत. शेवट मात्र फोडणार नाही, शप्पथ!)

सायाकाला आवडणारा क्योसुके उत्तम व्हायोलिन वाजवायचा. अपघातात त्याचा हात निकामी झालाय. तो बरा व्हावा, एवढंच ती मागते. हात बरा होतो, क्युबे शब्द पाळतो. मग मुलींना कळतं, की करार करताना त्यांचा आत्मा शरीरातून काढून एका छोट्या रत्नात ठेवलाय. जाब विचारला तर क्युबेचं म्हणणं, तुम्ही कुठे विचारलं होतं? तो खोटं बोललेला नसतो, फक्त सगळं सांगितलेलं नसतं. आणि हे बोलताना चेहऱ्यावर तेच गोंडस भाव!

हा क्युबे तुम्हाला ओळखीचा वाटेल. न वाचता ‘आय ॲग्री’ दाबायला लावणारं ॲप, ‘अनुभव मिळेल’ म्हणत फुकट राबवून घेणारं काम, ‘आत्ताच सही कर, सीट्स कमी आहेत’ म्हणणारा क्लास. सगळे गोड बोलतात आणि विचारल्याशिवाय काही सांगत नाहीत.

पण सीरिज तिथे थांबत नाही. करार करण्याआधीच मामी ही सीनियर सायाकाला विचारते, की तुला त्याचं स्वप्न पूर्ण व्हायला हवंय, की ते पूर्ण करणारी तू असायला हवीस? सायाकाकडे याचं धड उत्तर नसतं. क्योसुके दुसऱ्या मुलीच्या जवळ जायला लागतो, तेव्हा तोच प्रश्न तिला आतून पोखरतो. ‘मी तुझ्यासाठी एवढं केलं’ हे वाक्य आपण मैत्रीत, प्रेमात, घरात किती सहज फेकतो! क्युबेने लपवलेल्या अटी एकवेळ समोर येतात. आपण स्वतःपासून लपवलेल्या अटींचं काय?

एवढं सगळं गंभीर असूनही बघायला मजा येते. चेटकिणींचे भूलभुलैये गेकिदान इनु करी या जोडीने केलेत. कागदाची कात्रणं चिकटवून केल्यासारखं हे विचित्र जग साध्या कार्टूनमध्ये अचानक घुसतं आणि अंगावर येतं. त्यात युकी काजिउराचं संगीत. मादोकाचं घरही बघण्यासारखं आहे. आई ऑफिसला जाते, बाबा स्वयंपाक करतात, आणि त्याचं कुणालाच कौतुक नाही की आश्चर्य नाही.

तिसऱ्या एपिसोडपर्यंत धीर धरा, मग तुम्ही आपोआप बघत जाल. आणि ओपनिंगचं गाणं स्किप करू नका. दहाव्या एपिसोडच्या शेवटी ते पुन्हा वाजतं, तेव्हा ते कुणाचं गाणं आहे हे तुमचं तुम्हालाच कळेल.